जागेच्या मानाचा गूळ

नोटीस चिमणाबाईनं लेकीकडून दोनदा वाचून घेतली, आणि दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर ती चुलीपुढनं उठली ती थेट हंबीररावाच्या गुऱ्हाळाकडं निघाली. पायात चप्पल नव्हती. हाताला भाकरीचं पीठ तसंच होतं.

"आई, हात तरी धू!" निशिगंधा मागनं ओरडली.

"कशाला धू? त्याच्या थोबाडाला लागू दे की!"

निशिगंधा गगनबावड्याला सरकारी दवाखान्यात नर्स होती, रविवारची तेवढी घरी यायची. तिनं तव्यावरची भाकरी उतरवली, चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि ती आईच्या मागं पळाली.

नोटिशीतलं मराठी अवघड होतं, पण अर्थ उघडा-नागडा होता. ओढ्याकडेची सहा गुंठे जागा गेली चौदा वर्षं हंबीरराव वरुटे यांच्या ताब्यात आहे, उघडपणे, अखंड आणि कुणाच्याही परवानगीशिवाय. सातबारावर नाव कुणाचंही असो, बारा वर्षं उलटून गेल्यामुळं मालकी आता त्यांची झाली. सबब श्रीमती चिमणाबाई आकाराम खाडे यांनी त्या जागेत पाय ठेवू नये.

पाय ठेवू नये! ज्या मातीत सासऱ्याच्या मागनं तिनं भुईमूग वेचला, जिथं निशिगंधाला झोळीत टाकून तिनं भांगलण केली, तिथं पाय ठेवू नये! आणि हे कशावरनं? तर महिन्यापूर्वी तिनं सरळ मनानं एवढंच म्हटलं होतं, की बाबा, दोन म्हशी घ्यायच्या आहेत, गोठा घालीन म्हणतो, तुझी चिपाडं जरा पलीकडं घे. "बघू की काकी," म्हणाला होता हसत. हे बघितलं व्हय त्यानं.

गुऱ्हाळ जोरात चालू होतं. चुलवाणाच्या जाळावर काहिलीतला रस रटरटत होता आणि गुंडू गुळव्या, म्हणजे रसाचा गूळ कधी झाला हे ठरवणारा जाणता माणूस, लांब दांडा घेऊन तो ढवळत होता. त्याच्या मागं ओढ्यापर्यंत पिळलेल्या उसाची चिपाडं वाळत पसरलेली. तीच ती सहा गुंठे जागा. हंबीरराव खुर्ची टाकून मोबाइल बघत बसला होता.

"हंबीरा, ही नोटीस तूच धाडलीस न्हवं?"

"वकिलानं धाडली, काकी. बसा, रस घ्या."

"रस घाल तुझ्या वकिलाच्या नरड्यात! जागा कुणाची?"

"सातबारावर तुमचीच हाय की." हंबीररावानं मोबाइल खिशात घातला. "पर ताबा आमचा हाय. कायदाच तसा हाय. मी केलाय व्हय कायदा?"

"ताबा? चिपाडं वाळवाय दिलती तुला ह्यांनी. फुकाट. दर साली जागेचा म्हणून गुळाचा एक रवा द्यायचा, एवढ्या बोलीवर."

"कुठला रवा?" हंबीरराव म्हणाला. "मी कवा दिला तुमास्नी रवा? कुणी बघितलाय? आणा की माणूस."

आणि नेमकं तेच चिमणाबाईला दाखवता येणार नव्हतं. कारण गेल्या अकरा वर्षांत तिच्या उंबऱ्याच्या आत एकही रवा आलेला नव्हता. आणि तो येऊ नये अशी सोय तिनं स्वतःच्या हातानं केली होती.

गुळाच्या ढेपेला या भागात रवा म्हणतात. हंगामाचं पहिलं आधण उतरलं, गूळ साच्यात पडला, की गुळव्या मोठ्यानं नाव घेतो: पहिला रवा देवाचा, तो गुऱ्हाळावरच फोडून वाटायचा. दुसरा जागेचा. ज्याच्या जमिनीवर चिपाडं वाळतात, त्याच्या मानाचा. चिमणाबाईच्या नवऱ्यानं, आकारामनं, जागा दिली तेव्हा हंबीरराव भाडं द्यायला तयार होता. आकाराम हसला होता. "शेजाऱ्याकडनं भाडं घिऊन काय उरावर बांधून न्यायचंय? जागेचा रवा दे, झालं." कागद नाही, सही नाही. तीन हंगाम रवा घरी आला. मग आकाराम गेला.

त्याच्या माघारी पहिला रवा घेऊन हंबीरराव दारात आला, तेव्हा चिमणाबाईला तो हातात धरवेना. गोड कुणासाठी करायचं? त्याच हंगामात, माघात, गावात हरिनाम सप्ताह बसला होता, आणि कीर्तनकार महाराजांनी दानावर असं काही सांगितलं होतं, की बायकांच्या बाजूला एकीच्याही पदराचं टोक कोरडं राहिलं नव्हतं. दान द्यावं ते या हाताचं त्या हाताला कळू नये असं. बोलून दाखवलं की पुण्य उडालंच, उघड्या कुपीतल्या अत्तरासारखं. चिमणाबाई कीर्तनाची वेडी. टाळ वाजला की तिचे हात कामात राहायचे नाहीत. ती रडत घरी आली आणि दुसऱ्या दिवशी तिनं हंबीररावाला आणि त्याच्यासोबत असलेल्या गुंडू गुळव्याला समोर उभं करून सांगितलं, "हितनं पुढं माझा रवा परस्पर देवळात द्या. काल्याच्या महाप्रसादाला. ह्यांच्या नावानं हाय, पर त्येंचं नाव काढायचं न्हाय, माझं बी न्हाय. देवाला कळलं म्हंजे झालं. शपथ हाय तुमास्नी."

हंबीररावानं ती शपथ जरा जास्तच मनावर घेतली. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, काल्याच्या कीर्तनात, मंडळाचे बाळासो दान देणाऱ्यांची नावं वाचायचे: "हंबीरराव वरुटे यांच्याकडून पहिल्या आधणाचा रवा!" टाळ्या पडायच्या. आणि खांबाला टेकून बसलेली चिमणाबाई हात जोडायची. अकरा वर्षं! मनात म्हणायची, बघा, कुणाला ठाऊक न्हाय. केवढी गोडी होती त्या न ठाऊक असण्यात.

आता तीच गोडी कडू झाली. "भिकारड्या," ती म्हणाली, "देवाचा घास तुझ्या नावावर खपवलास!"

"काकी, मोठ्यानं बोलू नका, कामं चाललीती," हंबीरराव म्हणाला.

गुंडू आणखी खाली वाकला. दांडा काहिलीत फिरत राहिला.

*

कोल्हापुरात कोर्टाजवळ निशिगंधाच्या ओळखीच्या एक वकीलबाई होत्या. त्यांनी नोटीस वाचली आणि चष्मा कपाळावर चढवला.

"परवानगीनं वापरलेली जागा शंभर वर्षं वापरली तरी वापरणाऱ्याची होत नाही, मावशी. मालकाला न जुमानता, स्वतःची म्हणून बारा वर्षं धरली, तरच असा दावा उभा राहतो. ते सिद्ध करायचं ओझंही त्याच्यावरच आहे. पण तुमच्या मालकांनी परवानगी दिली होती, त्याबदल्यात तो काही देत होता, हे सांगणारा एक जरी माणूस मिळाला, तरी त्याचा दावा पायातच ढासळेल."

"आन् न्हाय मिळाला तर?"

"तर कोर्टात वर्षं जातील. आणि तोवर चिपाडं तिथंच."

परतीच्या एसटीत चिमणाबाई खिडकीशी बसून बडबडत होती. राग हंबीररावाचा होता, पण त्याच्याहून जास्त स्वतःचा होता. "येडी. येडी म्हंजे येडी. आगं, दान दे, पर कागदाला काय देवानं बंदी केलती? ढीगभर कीर्तनं ऐकली, त्यात कुठल्या महाराजांनी सांगितलतं सातबारा बघू नगा म्हणून?"

"आई, लोक बघाय लागलेत."

"बघू देत! माझं बघून तरी शाणी होतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं गुंडूला ओढ्यावर गाठलं. गुंडू आकारामचा जिवाचा मित्र. दिवसा गूळ उतरवायचा आणि सप्ताहात पखवाज वाजवायचा. दोन्हीकडं हात तेच, पण पखवाजावर पडले की पोळलेल्या बोटांना मखमल यायची.

"भावजी, दर साली जागेचा रवा कुणी पाडला?"

"मीच."

"नाव कुणाचं घेतलंसा?"

"आकारामदादाचं. हळू घ्यायचो, पर घ्यायचो."

"मग वकीलबाईंच्या कागदावर तेवढं सांगा."

गुंडूनं ओल्या फडक्यानं मान पुसली.  "वैनी, माझं पोट त्येच्या चुलवाणावर हाय."

"आन् माझी जमीन त्येच्या चिपाडाखाली हाय!"

"ते खरं. पर दुसरं बी हाय." आता तो तिच्याकडं बघून बोलला. "शपथ तुम्हीच घातलीसा न्हवं? नाव काढायचं न्हाय म्हणून. दादाच्या नावाचं पुण्य हाय ते. मी तोंड उघडलं आन् ते गेलं, तर पाप कुणाच्या माथ्यावर? दादा वर भेटला तर त्येला काय सांगू?"

"म्हंजे तुम्ही बोलणार न्हाय."

"तुम्ही बोलल्याबिगर मी न्हाय."

चिमणाबाई दगडावर पाय आपटत घरी आली.  दोन दिवस भांडी घासली तीसुद्धा भांडल्यासारखी. सहा गुंठे जमीन एका पारड्यात, आणि गेलेल्या नवऱ्याचं अकरा वर्षांचं पुण्य दुसऱ्यात. असला तराजू कुणापुढं येऊ नये. देवापुढं उभी राहून ती देवालाच बोलली, "तुला समदं ठाऊक हाय न्हवं? मग तू का गप्प? कोर्टात येशील का माझ्या बाजूनं? न्हाय येणार. ते बी मलाच केलं पायजे."

*

माघातला सप्ताह बसला. काल्याच्या दिवशी मंडप माणसांनी ओतप्रोत भरला. कीर्तनकार महाराज नवे होते, पण काय आवाज! गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, कुणाची शिळी भाकर, कुणाचं नुसतं ताक, आणि सावळ्यानं त्या सगळ्या कालवून घास घास वाटला, हे त्यांनी असं उभं केलं की म्हाताऱ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं आणि पोरं खरोखर हंडीकडं बघू लागली. गुंडूचा पखवाज त्या शब्दांच्या मागं वासरासारखा धावत होता. चिमणाबाईलासुद्धा घटकाभर विसर पडला. रागानं वळलेल्या तिच्या मुठी कधी उघडल्या आणि टाळ्या वाजवू लागल्या, तिचं तिला कळलं नाही. कीर्तन हे असं असतं. माणसाला त्याच्या भांडणातून उचलून घेतं.

मग हंडीच्या आधी बाळासो कागद घेऊन उभे राहिले. तांदूळ कुणाचे, तेल कुणाचं, मंडप कुणाचा. मागं पखवाज हळू वाजत होता.

"हंबीरराव वरुटे यांच्याकडून पहिल्या आधणाचा रवा! सलग बाराव्या वर्षी!"

टाळ्या. पहिल्या रांगेत पांढरा फेटा बांधलेला हंबीरराव किंचित उठला, हात जोडून मंडपभर वळला. वळता वळता त्याची नजर चिमणाबाईवर आली, आणि तो हसला. बाराव्या वर्षी. आकडासुद्धा नोटिशीतल्या बारा वर्षांचाच घातला होता मेल्यानं.

चिमणाबाई उठून उभी राहिली.

"खोटं हाय!"

मंडपात माना वळल्या. महाराजांनी हात वर केला. "माउली, बसून घ्या. कीर्तन चालू आहे."

"अकरा वर्षं बसलोयच की, महाराज! आज न्हाय बसत." तिचा आवाज फाटला, पण थांबला नाही. "तो रवा माझ्या मालकाचा हाय. आकाराम खाड्यांचा. ओढ्याकडंच्या आमच्या जागेचा मान. ह्यो हंबीरा आमच्या जागेत चिपाडं वाळवतोय आन् त्येच्या बदल्यात रवा देतोय. मीच म्हटलतं, देवळात दे आन् नाव काढू नगो. माझी शपथ होती. आज मीच मोडली! दान बोलून दाखवल्यावर पुण्य जातंय म्हणत्यात. जाऊ दे! एका चोराला साव म्हणून मिरवाय माझ्या माणसाचं पुण्य वापरायचं असंल, तर नगोच मला ते!"

 कुणीतरी पुटपुटलं, "काल्याच्या कीर्तनात भांडण? काय बाई तरी." निशिगंधानं मागं वळून असं बघितलं की ती बाई पदर सारखा करायला लागली.

हंबीरराव उठला. चेहरा शांत ठेवला होता, पण फेट्याखाली घाम आला होता. "मंडळी, काकीचं वय झालंय. जमिनीचा वाद हाय, तो कोर्टात मिटंल. हितं देवाच्या दारात असलं खोटं—"

तेवढ्यात पखवाज थांबला.

हळू वाजणारा आवाज थांबला की कळतं तो किती वेळ चालू होता. सगळ्या मंडपानं गुंडूकडं बघितलं. त्यानं पखवाज मांडीवरून उतरवला, कुशीवर ठेवला आणि उभा राहिला.

"वैनी बोलली, आता मी बोलतो. रवा मी पाडतोय. दर साली. नाव घेतल्याबिगर मी साचा भरत न्हाय. जागेचा रवा, आकाराम खाड्यांचा, असं म्हणून भरतो. गुऱ्हाळाचा मालक शेजारी उभा असतोय आन् मान हलवतोय. जागा त्येची असती तर सोत्ताच्या जागेचा मान दुसऱ्याला कशापायी दिला असता?"

"गुंड्या!" हंबीरराव ओरडला. "उद्यापासनं चुलवाणाकडं फिरकू नगोस!"

"फिरकत न्हाय. दुसऱ्याच्या काहिलीत बी रसाचा गूळच हुतोय."

मागनं कुणीतरी हसलं. हंबीररावानं उसनं हसू आणलं, पण ते आता लोकांना आवडेना.

महाराज नव्या गावात आलेले, त्यांना ना जागा ठाऊक ना माणसं. त्यांनी उपरणं सावरलं आणि बाळासोंकडं वळून एवढंच म्हणाले, "काल्याला जो तो आपली शिदोरी आणतो. दुसऱ्याची आपली म्हणून सोडत नाही. यजमान, कागद दुरुस्त करून पुढं वाचा. मग हंडी फोडू."

बाळासोंनी कागदाकडं बघितलं, हंबीररावाकडं बघितलं, आणि ते नाव पुन्हा न वाचताच सरळ साखरेवर गेले. धड चूक दुरुस्तही केली नाही, धड रेटूनही नेली नाही. गावचे पंच असेच असतात.

घरी आल्यावर चिमणाबाई भिंतीला टेकून बसली. महाप्रसाद पानात तसाच होता. "तुझ्या बाबांचं पुण्य गेलं का गं?"

निशिगंधानं पान तिच्यापुढं सरकवलं. "जागा गेली असती तर बाबा काय म्हणाले असते?"

"शिव्या घातल्या असत्या. मला."

"मग जेव."

*

पुढचं सगळं चिमणाबाईनं रागाच्या जोरावर केलं. राग थंड व्हायच्या आत करायचं, असं तिनं ठरवलंच होतं. गुंडूला घेऊन ती वकीलबाईंकडं गेली. त्याचं प्रतिज्ञापत्र झालं, खाली वाकडी पण ठसठशीत सही. नोटिशीला उत्तर गेलं: जागा वापरायची परवानगी होती, ती आजपासून रद्द केली आहे, महिन्यात मोकळी करा. शासकीय मोजणीचा अर्ज गेला. निशिगंधानं सातबाराचा नवा उतारा काढून पत्र्याच्या पेटीत ठेवला, त्याचे फोटो मोबाइलमध्ये ठेवले.

उत्तर पोचल्यावर आठ दिवसांनी बाळासो चहाला आले. चहा संपेपर्यंत उसाच्या दराबद्दल बोलले.

"चिमणाक्का, हंबीररावचं म्हणणं, तो दावा करत न्हाय. तुम्ही मोजणी नगा करू. तीन गुंठं तुमी घ्या, तीन त्येला राहू देत. शेजारधर्म हाय. तुमच्यासारख्या देवभोळ्या बाईनं एवढं ताणू नये."

"बाळासो, तुमच्या घरातनं कुणी ताटं उचलून नेली, आन् निम्मी परत दितो म्हणाला, तर तुम्ही त्येला देवभोळं हून मिठी मारशीला का?"

"तसं न्हाय, पर—"

"आन् देवभोळी म्हंजे काय येडी समजता? देव माझा हाय. भोळेपणा माझा होता, तो संपला. कप ठेवा तिथंच, मी घेतो."

फाल्गुनात मोजणीवाले आले. यंत्र मांडलं, हद्दी काढल्या. तीन कोपऱ्यांचे दगड बसले. चौथा कोपरा चिपाडाच्या ढिगाऱ्याखाली होता. हंबीररावाच्या दोन गड्यांना ढिगारा उपसायला दुपार गेली. हंबीरराव पलीकडं आपल्या हद्दीत उभा होता, त्या दिवशी फेटा नव्हता. चौथा दगड बसला, मोजणीवाल्यांनी सह्या घेतल्या आणि ते सावलीला गेले. गुंडू शेजारच्या वाडीवरच्या नव्या गुऱ्हाळावरून मुद्दाम आला होता, तो दगडावर पाय ठेवून तो हलतो का बघत होता.

"काकी," हंबीरराव म्हणाला. आवाज खाली आला होता. "उरलेली चिपाडं आज हलणार न्हाईत. ट्रॅक्टर उद्याच्याला मिळंना. दोन दिस राहू देत हितं. दोनच."

चिमणाबाईनं त्याच्याकडं बघितलं. चौदा वर्षांपूर्वी असंच कुणीतरी काहीतरी मागितलं होतं, आणि कुणीतरी हसून 'घे की' म्हटलं होतं.

"अर्ज कर," ती म्हणाली.

"आं?"

"कागदावर लिव. जागा श्रीमती चिमणाबाई आकाराम खाडे यांच्या मालकीची हाय. माझी चिपाडं दोन दिवस ठेवाय त्येंच्याकडं परवानगी मागतोय. तिसऱ्या दिवशी उचलतो. खाली सही."

"काकी, दोन दिसांसाठी कागद?"

"चौदा वर्षांसाठी केला असता तर आज दोन दिसांसाठी करावा लागला नसता. निशे, वही दे त्येला."

हंबीररावानं इकडं तिकडं बघितलं. गडी बघत होते, सावलीतून मोजणीवाले बघत होते. तो खाली बसला आणि गुडघ्यावर वही ठेवून लिहायला लागला. निशिगंधानं कागद घेऊन मोठ्यानं वाचून दाखवला. सगळं बरोबर होतं.

चिमणाबाईनं कागद हातात घेतला, उलटा-सुलटा करून बघितला आणि त्याच्यापुढं परत धरला.

"तारीख घातली न्हाईस. घाल."